नारायणगावात शॅम्पेनचे तंत्र आले, शॅम्पेनचा करार आला नाही

महाराष्ट्रातील वाइनचा इतिहास सांगायचा झाला की सुरुवात हमखास नाशिकपासून होते. अमेरिकेत शिकलेला एक तरुण परत येतो, आईच्या नावावरून कंपनीचे नाव ठेवतो, २००० साली पहिली वाइन बाजारात आणतो आणि बावीस वर्षांनी ती कंपनी शेअर बाजारात दाखल होते. राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची ही कथा खरी आहे, रंजकही आहे. परंतु ती दुसऱ्या अंकापासून सांगितलेली कथा आहे. पहिला अंक पुणे जिल्ह्यातील नारायणगावात घडला. त्याचे नायक होते शामराव चौगुले नावाचे मुंबईकर उद्योजक, आणि त्या अंकाचा शेवट न्यायालयात झाला.

पुढील विवेचनात नारायणगाव, फ्रान्समधील एपर्ने आणि विदर्भातील यवतमाळ अशी तीन ठिकाणे येतील. द्राक्षाचा आणि कापसाचा काय संबंध, असा प्रश्न यवतमाळच्या वाचकांना पडेल. संबंध आहे, तो पिकाचा नसून खरेदीदाराचा आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

नारायणगाव म्हणजे जुन्नर तालुक्यातील, पुणे–नाशिक रस्त्यावरील बाजारपेठेचे गाव. तमाशाच्या फडांच्या राहुट्यांसाठी ते महाराष्ट्रभर ओळखले जाते. १९८२ मध्ये चौगुले यांनी फ्रान्समधील ‘पायपर-हाइडसिक’ या शॅम्पेन उत्पादक घराण्याकडे एक प्रस्ताव नेला: भारतात, भारतीय मातीतल्या द्राक्षांपासून, शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळ वाइन करायची आहे, त्यासाठी तंत्रसाहाय्य हवे. पायपर-हाइडसिक हे रॅन्स शहरातील १७८५ साली स्थापन झालेले घराणे. १७८५ साली पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते आणि नाना फडणीस कारभार पाहत होते, एवढे सांगितले म्हणजे त्याच्या वयाची कल्पना येईल. या घराण्याने प्रस्ताव हसण्यावारी नेला नाही. राफाएल ब्रिसबुआ नावाचा तरुण तज्ज्ञ भारतात पाठवला गेला. त्याने ठिकाणे पाहिली, आणि सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरील चुनखडीयुक्त जमीन निवडली गेली. डोंगराच्या कुशीत, परदेशी यंत्रसामग्रीने सज्ज असा कारखाना उभा राहिला.

या निर्णयामागील धाडस समजण्यासाठी शॅम्पेन कशी तयार होते ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. साधी वाइन एकदा आंबते. शॅम्पेन दुसऱ्यांदा आंबते, आणि तेही बाटलीत. त्या दुसऱ्या किण्वनात निर्माण होणारा वायू बाटलीतच कोंडला जातो. तोच तिचा फेस. मात्र मेलेल्या यीस्टचा गाळही आत राहतो. तो काढण्यासाठी बाटल्या उलट्या कलत्या ठेवून कित्येक आठवडे रोज थोड्या थोड्या फिरवाव्या लागतात. गाळ मानेत जमला की मान गोठवून बूच उघडतात आणि गाळाचा बर्फ उडवून लावतात. बाटल्या फिरवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मादाम क्लिको या विधवा उद्योजिकेच्या तळघरात विकसित झाली. सत्ताविसाव्या वर्षी पती वारल्यावर तिने धंदा हाती घेतला होता. थंड तळघरे, संथ आंबवण आणि महिनोन्‌महिने अडकून पडणारे भांडवल यांवर हे तंत्र उभे आहे. ते दख्खनच्या उन्हात आणायचे होते.

अडचण वेलीपासूनच सुरू होत होती. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते. महाराष्ट्रात ती झोपतच नाही. म्हणून आपला बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि द्राक्षे फेब्रुवारी–मार्चमध्ये उतरवतो. शार्दोने, पिनो न्वार, उन्यी ब्लाँ या युरोपीय जातींना या वेळापत्रकात बसवणे हे नारायणगावचे पहिले मोठे काम होते. पुढे नाशिकने जे केले त्याचा पाठ येथे गिरवला गेला होता.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पहिली बाटली बाहेर पडली. निर्यातीसाठी तिचे नाव होते ‘ओमर खय्याम’. नाव फारसी कवी-गणितज्ञाचे, तंत्र फ्रेंच, माती जुन्नरची. (माधव ज्यूलियन यांनी खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, त्यानंतर सुमारे सहा दशकांनी खय्याम पुन्हा मराठी मुलखात अवतरला, तो असा.) ब्रिटनमधील भारतीय उपाहारगृहांत ती मिळू लागली, आणि वाइनवर लिहिणाऱ्या परदेशी समीक्षकांनी तिची दखल घेतली. कंपनीच्या नावात शॅम्पेन हा शब्द असला तरी बाटलीवर तो लिहिता येत नव्हता, कारण शॅम्पेन हे एका प्रदेशाचे नाव आहे. ‘शॅम्पेन पद्धतीने बनवलेली’ असे म्हणण्याची मुभासुद्धा युरोपात १९९४ पासून इतरांना उरली नाही. फ्रेंच घराण्याने हात दिला, पण नाव दिले नाही. नावाची ही कडक राखण फ्रान्समध्ये कशी आली, हा या धाग्याचा खरा विषय आहे, त्याकडे येऊच.

त्यानंतरची दोन दशके चौगुले यांच्या कंपनीची होती. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभारले, राज्यातील द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कातून सवलत दिली. नाशिक परिसरात कारखान्यांची रांग लागली. खाण्याच्या द्राक्षांच्या भावातील चढउताराने पोळलेल्या शेतकऱ्यांना वाइनच्या द्राक्षाचा करार म्हणजे खात्रीचे उत्पन्न वाटले. दरम्यान चौगुले यांची पुढची पिढी कारभारात आली होती. २००७–०८ मध्ये कंपनीने ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील वाइन व्यवसाय विकत घेण्याचा सपाटा लावला. हे बऱ्याच अंशी कर्जावर चालले होते. मग २००८ चे जागतिक आर्थिक संकट आले, आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. वाइन खपते ती प्रामुख्याने हॉटेलांत. हॉटेले ओस पडली. कामगारांचे पगार आणि द्राक्ष उत्पादकांची देणी थकल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि पुढील दोन-तीन वर्षांत कंपनीची वाटचाल मुंबई उच्च न्यायालयातून अवसायनाकडे झाली. नाशिक जिल्ह्यात अनेक शेतकऱ्यांनी वाइन-द्राक्षाच्या बागा तोडून टाकल्या.

या कथेचे रूढ तात्पर्य सर्वांना पाठ आहे: अति महत्त्वाकांक्षा, अति कर्ज, अति घाई. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात ते शोभून दिसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्यावर समाधान मानू नये. कंपन्या बुडतात, फ्रान्समध्येही बुडतात आणि विकल्या जातात. स्वतः पायपर-हाइडसिक १९८८ मध्ये रेमी समूहाकडे गेले आणि २०११ मध्ये पुन्हा विकले गेले. त्यामुळे शॅम्पेनच्या शेतकऱ्यावर बाग तोडण्याची वेळ आली नाही. मग प्रश्न असा आहे की मालक बुडाल्यावर त्याच्याबरोबर शेतकरी का बुडतो, आणि कुठे बुडत नाही?

वाइनच्या द्राक्षाची गोष्ट येथे नेमकी लक्षात घ्यावी. त्याचा मणी लहान, साल जाड, आत बिया. ते बाजार समितीत खाण्याचे द्राक्ष म्हणून विकता येत नाही आणि चांगला बेदाणाही होत नाही. वेल लावल्यापासून पुरते पीक मिळायला तीनेक वर्षे जातात. म्हणजे ज्या शेतकऱ्याने करार करून बाग लावली, त्याला व्यवहारतः एकच गिऱ्हाईक असते. ते गिऱ्हाईक अवसायनात गेले तर कायद्याची उतरंड ठरलेली होती: १९५६च्या कंपनी कायद्यानुसार तारण असलेल्या बँका आणि कामगारांची देणी सर्वांत आधी, नंतर शासनाच्या करांसारखी काही प्राधान्याची देणी, आणि विनातारण धनको शेवटी. द्राक्षे उधारीवर घालणारा शेतकरी हा कायद्याच्या भाषेत विनातारण धनको. त्याची पाळी येईपर्यंत ताटात काही उरत नाही.

आता फ्रान्सकडे वळू. शॅम्पेन प्रदेशात हीच विषमता शंभर वर्षांपूर्वी होती, आणि अधिक उघडी होती. तेथे जमीन हजारो लहान शेतकऱ्यांची, आणि तळघरे, भांडवल, नाव, बाजार हे सारे मोजक्या व्यापारी घराण्यांचे. फिलॉक्सेरा नावाच्या किडीने बागा खाल्ल्या, १९१० चे पीक जवळजवळ पूर्ण गेले, आणि तरीही घराण्यांचा धंदा चालू राहिला, कारण काही व्यापारी फ्रान्सच्या इतर भागांतून स्वस्त द्राक्षरस आणून त्यालाच शॅम्पेन म्हणत होते. जानेवारी १९११ मध्ये शेतकऱ्यांनी असा माल अडवून नदीत ओतला. एप्रिलमध्ये प्रदेशाची सीमा रद्द होण्याची चिन्हे दिसताच उद्रेक झाला. १२ एप्रिल १९११ रोजी एका गावात व्यापाऱ्यांच्या इमारती पेटवून देण्यात आल्या. मराठी वाचकाला चमत्कारिक वाटेल, पण त्या गावाच्या नावाचा उच्चार ‘आई’ असा होतो. शासनाला हजारो सैनिक आणून गावोगाव बसवावे लागले.

‘शॅम्पेन’ या नावाची राखण येथून सुरू झाली. आज ती फ्रेंच अभिरुचीचा अभिमान म्हणून सांगितली जाते. मुळात ती शेतकऱ्याच्या भावाची लढाई होती: बाहेरचा माल या नावाने विकता येऊ नये, म्हणजे आमच्या मालाला भाव मिळेल. प्रदेशाची सीमा १९२७च्या कायद्याने पक्की झाली.

नाव वाचले, तरी भाव कोण ठरवणार हा प्रश्न राहिलाच. येथे रोबेर-जाँ द व्होग्युए या माणसाचा प्रवेश होतो. जन्म १८९६ चा, सरदार घराण्यातला. पहिल्या महायुद्धात लढलेला. लग्नाच्या नात्याने १९३० मध्ये ‘मोएत ए शाँदाँ’ या बड्या घराण्याच्या कारभारात आला. जागतिक मंदीने शॅम्पेनचा खप कोसळलेला होता; घराणी द्राक्षाचा भाव पाडत होती. या गृहस्थाने आपल्याच व्यापारी बांधवांना सांगितले की भाव भरपूर वाढवा, शेतकऱ्याला जगता येईल एवढा द्या. बांधव अर्थातच संतापले. त्यांनी त्याला ‘तांबडा मार्क्विस’ म्हणायला सुरुवात केली. तो साम्यवादी नव्हता. त्याला एवढेच दिसत होते की ज्या धंद्याचे भांडवल तळघरात वर्षानुवर्षे झोपून असते, त्याला दरवर्षी खात्रीने द्राक्ष मिळाले पाहिजे, आणि उपाशी शेतकरी ती खात्री देऊ शकत नाही. १९३५ मध्ये किमान भाव ठरवणारी व्यवस्था आली.

१९४० मध्ये जर्मनीने फ्रान्स जिंकला. शॅम्पेनची खरेदी करण्यासाठी जर्मनांनी आपला अधिकारी नेमला. तो आठवड्याला लाखांच्या हिशेबात बाटल्या मागत असे. प्रत्येक घराण्याने वेगवेगळी बोलणी केली असती तर एकेक करून सारी पिळली गेली असती. तेव्हा द व्होग्युए यांनी शेतकऱ्यांचे प्रतिनिधी मोरिस द्वायार यांच्यासह एक संयुक्त समिती घडवली. तिचा कायदा १२ एप्रिल १९४१ चा. ‘आई’ गाव पेटले त्याला त्या दिवशी बरोबर तीस वर्षे झाली होती. समितीला दोन अध्यक्ष: एक घराण्यांचा, एक शेतकऱ्यांचा. दोन्ही बाजूंना समान मते. नोव्हेंबर १९४३ मध्ये गेस्टापोने द व्होग्युए यांना प्रतिकार चळवळीत सहभागाच्या आरोपाखाली अटक केली, मृत्युदंड सुनावला. पुढे तो टळला आणि ते १९४५ पर्यंत जर्मन कैदेत राहिले.

ते परतले तेव्हा समिती टिकून होती. युद्धानंतर जवळपास साडेचार दशके द्राक्षाचा भाव या समितीच्या चौकटीत ठरत राहिला. १९९० मध्ये ठरावीक भाव संपला, तरी दीर्घ मुदतीचे करार, भावाविषयीची उघड माहिती आणि पैसे चार हप्त्यांत वर्षभरात चुकते करण्याची रीत राहिली. आजही सुमारे नव्वद टक्के बागा शेतकऱ्यांच्या मालकीच्या आहेत आणि विक्रीचा मोठा वाटा घराण्यांचा आहे. तरी घराण्याचा मालक बदलला म्हणून बाग तुटत नाही. द व्होग्युए यांनी १९६२ मध्ये मोएत कंपनी पॅरिसच्या शेअर बाजारात नेली, १९७१ मध्ये हेनेसीशी तिचे विलीनीकरण घडवले, आणि १९७६ मध्ये ते वारले. आजच्या अतिबलाढ्य चैनवस्तू समूहाच्या पायात त्यांचे दगड आहेत. भांडवलदार म्हणून त्यांनी काहीही गमावले नाही, हे मुद्दाम नोंदवायला हवे.

नारायणगावच्या गोष्टीत नेमके काय नव्हते, ते या पार्श्वभूमीवर दिसते. शॅम्पेनमधून वेली आल्या, यंत्रे आली, तज्ज्ञ आला. बाटली फिरवण्याची कला आली. शेतकऱ्याला समान मत देणारी समिती मात्र आली नाही, कारण ती तंत्रसाहाय्याच्या करारात बसणारी वस्तू नव्हती. चौगुले यांनी ती आणली नाही म्हणून त्यांना दोष देणे सोपे आहे. पण एका उद्योजकाने स्वतःवर असा अंकुश आणावा ही अपेक्षाच अनैतिहासिक आहे. फ्रान्समध्येही तो अंकुश जाळपोळ, मंदी आणि परकीय सत्ता या तीन तडाख्यांनंतर आला. आपल्याकडे हे काम शासनाचे होते. २००१च्या धोरणाने कारखानदाराला शुल्कातून सवलत दिली. पुढे २००९च्या योजनेने वाइनवरील मूल्यवर्धित कराचा मोठा भाग उत्पादकांना परत देण्याची सोय केली. परताव्याचे हे गणित वाइनच्या विक्रीवर बसते. द्राक्षाच्या भावाचा खाजगी करार आहे तिथेच राहिला.

आणि महाराष्ट्राला अशा संस्थांची ओळख नव्हती, असे मुळीच नाही. उसाचे उदाहरण समोर होते. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे, उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज आहे, आणि थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करता येते. कारखाने पैसे थकवतात हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही ऊस उत्पादकाच्या हातात बोट ठेवायला एक कलम आहे, जायला साखर आयुक्तांचे दार आहे. वाइन-द्राक्ष उत्पादकाच्या हातात कंपनीच्या शिक्क्याचा कागद होता.

दुसरे उदाहरण यवतमाळच्या घरचे आहे. पुसद तालुक्यातील गहुली गावात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीतील दोन निर्णय या कथेला थेट भिडतात. पहिला, १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याची कडक अंमलबजावणी शिथिल करण्याचा. त्यावाचून महाराष्ट्रात वाइनचा कारखाना ही कल्पनाही कोणी केली नसती. (गंमत अशी की परवाने आजही त्याच दारूबंदी कायद्याखाली दिले जातात.) दुसरा, १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना. कापूस उत्पादकाला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवण्यासाठी शासन स्वतःच एकमेव खरेदीदार झाले. शेतकऱ्याने कापूस संकलन केंद्रावर न्यायचा, हमीभावाने पहिला चुकारा घ्यायचा, आणि पुढे माल विकून नफा झाला तर त्यातील वाटा मिळण्याची वाट पाहायची.

हेतू उदात्त होता आणि काही वर्षे योजनेने आधारही दिला. परंतु यवतमाळच्या जुन्या पिढीला दुसरी बाजूही तोंडपाठ आहे: केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा, प्रतवारीवरून वाद, महिनोन्‌महिने न मिळणारे चुकारे. शेजारच्या आंध्रात भाव चढला की वणी आणि पांढरकवड्याकडून आदिलाबादच्या बाजूला कापूस चोरून जाई. आपलाच कापूस आपल्याच देशात विकणे हा गुन्हा ठरला होता. योजनेचा तोटा फुगत गेला आणि २००२च्या सुमारास खाजगी खरेदी खुली झाली.

नारायणगावचा एकमेव खरेदीदार खाजगी होता, यवतमाळचा सरकारी. दोन्हीकडे भाव ठरताना शेतकऱ्याचे मत धरले गेले नाही. एकाधिकार योजनेत शेतकरी लाभार्थी होता, वाइनच्या करारात पुरवठादार. एपर्नेच्या समितीत तो अध्यक्ष होता. खाजगी की सरकारी, या वादात महाराष्ट्राने पन्नास वर्षे घालवली आहेत. टेबलाशी दुसऱ्या बाजूला कोण बसते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. एका बाबतीत कापूसवाला सुदैवी ठरला. कापूस हंगामी पीक आहे, भाव पडला तर पुढच्या वर्षी सोयाबीन पेरता येते, आणि यवतमाळने ते मोठ्या प्रमाणावर केले. द्राक्ष बागायतदाराला ती वाट नाही. म्हणून त्याला संस्थेची गरज अधिक होती.

या मांडणीवर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला असा की शॅम्पेनची समिती एका पराभूत, जर्मनधार्जिण्या राजवटीच्या कायद्याने जन्मली आणि तिचे स्वरूप बरेचसे व्यापारी मक्तेदारीचे आहे. शेतकऱ्याला मिळालेला भाव शेवटी जगभरचा ग्राहक मोजतो. हे खरे आहे. शॅम्पेनचे नाव दुर्मिळ आहे म्हणून ते परवडते. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण त्या नावासाठी लंडनमध्ये कोणी जास्त पैसे मोजत नाही. मात्र यावरून निघते ते इतकेच की भाव शॅम्पेनइतका मिळणार नाही. मुदतीत पैसे मिळावेत, आणि कंपनी बुडाली तर द्राक्षाचे देणे बँकेच्या फार मागे पडू नये, यासाठी दुर्मिळ नावाची गरज नाही.

दुसरा आक्षेप यवतमाळमधूनच येईल, आणि तो अधिक जड आहे. एका बाजूला वर्धा, दुसऱ्या बाजूला चंद्रपूर. वर्ध्यात दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळच्या खेड्यांतील बाया दारूबंदीसाठी रस्त्यावर आल्या आहेत. ज्यांच्या घरात दारूने संसार मोडले त्यांना वाइन कारखानदाराचे चरित्र कशाला सांगायचे? जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा समर्थक म्हणत होते की हे शेतकऱ्यांसाठी आहे, आणि विरोधक म्हणत होते की शेतकऱ्याचे नाव पुढे करून दारू विकली जात आहे. निर्णय प्रत्यक्षात आला नाही. त्या महिनाभराच्या गदारोळात द्राक्षाला भाव कोण ठरवतो, पैसे किती दिवसांत मिळतात, हे प्रश्न कडेलाच राहिले. वाइन विकावी की नाही याचे उत्तर काहीही असो. शेतकऱ्याच्या नावाने युक्तिवाद करणाऱ्याने त्याच्या कराराचा कागद आधी दाखवायला हवा होता.

द व्होग्युए यांनी १९५९ मध्ये अर्जेंटिनात ‘शाँदाँ’ या नावाने फ्रान्सबाहेरची पहिली शाखा काढली होती. पुढे कॅलिफोर्नियात, ऑस्ट्रेलियात. ती साखळी २०१३–१४च्या सुमारास नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीत पोहोचली. चौगुले यांनी ज्या कामासाठी फ्रेंचांना बोलावले होते ते काम आता फ्रेंच कंपनी स्वतःच करते. एपर्नेत याच घराण्याचा प्रतिनिधी शेतकऱ्यासमोर बरोबरीच्या मताने बसतो. दिंडोरीत द्राक्षाचा व्यवहार कंपनी आणि बागायतदार यांच्यातील खाजगी कराराने होतो, इतर सर्व वाइन कारखान्यांप्रमाणेच.

ज्यांना या विषयावर काम करायचे आहे त्यांच्यासाठी साधने जवळच आहेत. कंपनी अवसायनात जाते तेव्हा धनको अवसायकाकडे आपले दावे लेखी दाखल करतात. मराठी शेतकऱ्यांच्या सह्यांचे असे कागद हे वाइनच्या इतिहासाचे अस्सल दप्तर आहे, आणि ते कोणत्याही वाइन महोत्सवाच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. यवतमाळमध्ये तर न्यायालयात जाण्याचीही गरज नाही. एकाधिकार योजनेच्या काळातील काट्याच्या पावत्या आणि चुकाऱ्याच्या चिठ्ठ्या अजून कित्येक घरांत पत्र्याच्या पेटीत, जुन्या सातबाऱ्यांच्या खाली पडून आहेत. पावतीवर प्रत, वजन आणि तारीख असते. पहिला चुकारा कधी मिळाला आणि शेवटचा कधी, एवढे आजोबांना विचारून त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवावे.